डाळ सोडली, तरी अंगठा सुजलाच

गाऊट म्हणजे युरिक ॲसिडचे स्फटिक सांध्यांत जमून होणारा संधिवात. त्याविषयी आलेल्या पत्रांपैकी काही इथे घेतली आहेत. पत्रं थोडक्यात दिली आहेत आणि नावं वगळली आहेत. जवळजवळ प्रत्येक पत्रात एकच गाऱ्हाणं आहे: खाणं सोडून सोडून थकलो, दुखणं काही सुटत नाही. म्हणून खाणं आणि गोळी या दोन प्रश्नांना जास्त जागा दिली आहे.

वय ४६. रात्री दोनच्या सुमारास डाव्या पायाचा अंगठा ठणकायला लागला. चादरीचा स्पर्शही सोसवेना. सकाळी अंगठ्याच्या बुडाचा सांधा लालभडक झाला होता. त्याच दिवशी युरिक ॲसिड तपासलं तर ५.९ निघालं. "नॉर्मल आहे, गाऊट नाही, कुठेतरी ठेच लागली असेल," असं सांगितलं गेलं. दोन महिन्यांनी पुन्हा तोच प्रकार झाला. हे नक्की काय आहे?
— एक वाचक, चिपळूण

तुम्ही लिहिलेली लक्षणं गाऊटचीच वाटतात. रात्री अचानक सुरुवात, बारा ते चोवीस तासांत दुखणं शिगेला पोचणं, अंगठ्याच्या बुडाचा सांधा, आणि मधल्या काळात सगळं ठीकठाक. तुमची दिशाभूल केली ती त्या ५.९ या आकड्याने. झटका, म्हणजे सांधा असा अचानक सुजून ठणकणं, चालू असताना बऱ्याच जणांचं रक्तातलं युरिक ॲसिड तात्पुरतं खाली येतं, कारण सूज असताना किडन्या ते जास्त बाहेर टाकतात. म्हणजे झटक्यात आकडा वाढलेला दिसला तर निदानाला बळ मिळतं, पण तो नॉर्मल आला म्हणून गाऊट नाही असं म्हणता येत नाही. झटका पूर्ण ओसरल्यावर दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा तपासून घ्या. तरीही शंका उरली, तर सांध्यातलं थोडं पाणी सुईने काढून पोलराइज्ड सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. त्यात सुईसारखे टोकदार स्फटिक दिसले की निदान पक्कं.

हे स्फटिक येतात कुठून? आपल्या पेशी रोज झिजतात आणि नव्या होतात. त्यांच्यातल्या प्युरीन नावाच्या घटकांचा शेवटचा कचरा म्हणजे युरिक ॲसिड. पुष्कळ प्राण्यांत ते आणखी मोडणारं एक एन्झाइम असतं, माणसात ते नाही. रक्तात त्याचं प्रमाण साधारण ६.८ च्या (दर १०० मिलिलिटर रक्तात मिलिग्रॅम) वर गेलं की ते विरघळून राहत नाही आणि सांध्यांत स्फटिक जमू लागतात. पायाचा अंगठा शरीराच्या मध्यापासून लांब, म्हणून थोडा थंड असतो, आणि चालताना त्याच्यावर सतत दाब येतो. म्हणून सुरुवात बहुधा तिथून होते. वर्षानुवर्षं हे जमत राहतं आणि काहीच जाणवत नाही. मग एखाद्या दिवशी ठेच, ऑपरेशन, ताप, पोटात पाणी कमी, रात्रीचं पिणं अशा कशानेतरी संरक्षक पेशी त्या स्फटिकांवर तुटून पडतात आणि रात्रीत सांधा पेटतो.

पुढचा झटका आला तर पहिले काही तास महत्त्वाचे. औषध जितकं लवकर पोटात जाईल तितका उपयोग जास्त, म्हणून झटक्याची औषधं डॉक्टरांकडून आधीच लिहून घेऊन घरात ठेवावीत. झटक्याची सूज उतरवणाऱ्या कोल्चिसीनची आजची पद्धत अशी आहे: ०.५ मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या, तासाभराने आणखी एक, आणि त्या दिवसापुरतं थांबायचं. दुसऱ्या दिवसापासून झटका ओसरेपर्यंत एक गोळी दिवसातून एकदा किंवा दोनदा. जुलाब लागेपर्यंत दर तासाला गोळी घेण्याची जुनी रीत काही घरांत अजून सांगितली जाते. ती सोडून दिलेली आहे, कारण त्याने फायदा वाढत नाही, विषारीपणा मात्र वाढतो. किडनी कमजोर असेल, किंवा क्लॅरिथ्रोमायसिन (अँटिबायोटिक), डिल्टियाझेम, व्हेरापामिल (रक्तदाब-हृदयाच्या गोळ्या) यांपैकी काही चालू असेल, तर कोल्चिसीन शरीरात साठून जिवावर बेतू शकतं. अशांनी विचारल्याशिवाय एकही गोळी घेऊ नये. नेप्रोक्सेनसारखी वेदनाशामकं चांगली चालतात, पण किडनीचा आजार, पोटात अल्सर, हृदय कमजोर असणं किंवा रक्त पातळ करणारं औषध यांपैकी काही असेल तर ती टाळावी लागतात. तिसरा मार्ग म्हणजे प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड, रोज ३० ते ३५ मिलिग्रॅम, पाच दिवस. मधुमेह असेल तर त्या दिवसांत साखर चढते, तिच्यावर लक्ष ठेवावं लागतं.

घरात करायचं ते सोपं आहे. बर्फ पंचात गुंडाळून १५ ते २० मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. पाय दोन उशांवर वर ठेवायचा. पलंगाच्या पायथ्याशी एक रिकामं खोकं ठेवून चादर त्यावरून सोडली की ती अंगठ्याला लागत नाही आणि झोप लागते. गरम शेक, तेल चोळणं, चुन्याचा लेप आणि विशेषतः बिब्बा यांपैकी काहीही नको. बिब्ब्याने कातडी भाजते आणि आधीच सुजलेल्या जागी जखम होते. उपचार केले नाहीत तरी झटका सात ते चौदा दिवसांत आपोआप उतरतो. म्हणूनच "त्या लेपाने बरं वाटलं" असं पुष्कळांना वाटतं.

एक धोका मात्र ओळखायला हवा. सांधा सुजलाय आणि सोबत हुडहुडी भरून ताप आहे, जवळपास जखम आहे किंवा तो सांधा कृत्रिम आहे, तर तो जंतुसंसर्ग असू शकतो. तेव्हा त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. संसर्ग झालेला सांधा काही दिवसांतच कायमचा खराब होतो.

आमच्या ह्यांचं युरिक ॲसिड ८.४ आहे. मोबाईलवर एक यादी आली होती, तिच्याप्रमाणे तूरडाळ, मटकी, चवळी, पालक, फ्लॉवर, टोमॅटो, मशरूम, वांगं सगळं बंद केलं. पाच महिने दुधी, दोडका आणि भात यांवर काढले. अशक्तपणा आला, चिडचिड वाढली, आणि तरी मागच्या आठवड्यात अंगठा सुजलाच. आता आणखी काय बंद करू?
— एक वाचक, सोलापूर

ताई, डाळ-भाजीतलं काहीच बंद करू नका. उद्यापासून त्यांच्या ताटात आमटी येऊ द्या.

पालेभाज्या आणि डाळींत प्युरीन असतं हे खरं, पण त्याने गाऊट वाढत नाही. अमेरिकेत ४७ हजारांहून जास्त पुरुषांचं खाणं बारा वर्षं नोंदवलं गेलं. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मांस आणि समुद्री अन्न जास्त खाणाऱ्यांत गाऊट वाढलेला दिसला, दूध-दही घेणाऱ्यांत कमी दिसला, आणि प्युरीनयुक्त भाज्या खाणाऱ्यांत काहीच वाढ दिसली नाही. प्रमाणही लक्षात घ्या. १०० ग्रॅम पालकात प्युरीन ५० मिलिग्रॅमच्या आसपास, तर कोंबडीच्या तेवढ्याच कलेजीत ३०० च्या आसपास. आणि आमटीच्या वाटीत कोरडी डाळ असते पंचवीस-तीस ग्रॅम. टोमॅटोत तर प्युरीन नावापुरतंच. टोमॅटो खाल्ल्यावर झटका आला असं काही रुग्ण सांगतात. त्यांच्यापैकी कुणाला दोन-तीनदा नक्की तसा अनुभव आला असेल तर त्याने टोमॅटो टाळावा, बाकीच्यांनी उगाच का सोडावा?

दुसरी गोष्ट यादीपेक्षा मोठी आहे. अंगातलं दोन-तृतीयांश युरिक ॲसिड शरीर स्वतःच तयार करतं. अन्नातून येतं ते फक्त एक-तृतीयांश. शिवाय गाऊट असलेल्या दहांतल्या नऊ जणांचा मूळ दोष जास्त तयार होण्याचा नसतो. किडन्या ते पुरेसं बाहेर टाकत नाहीत, आणि हे बहुतेक जन्मजात ठेवणीतून येतं. म्हणून कितीही कडक पथ्य केलं तरी आकडा साधारण एकाने खाली येतो. ८.४ चे ७.४ होतील, आणि ७.४ म्हणजे अजून ६.८ च्या वरच. तुमच्या घरात पथ्यात काही कमी पडलं नाही. पथ्याच्या हातात होतं त्यापेक्षा जास्त त्याच्याकडून मागितलं गेलं.

मग खरोखर फरक कशाने पडतो? दारूने, आणि त्यातही बिअरने सगळ्यात जास्त. बिअरमध्ये स्वतःचं प्युरीन असतं, वर अल्कोहोलमुळे रक्तात लॅक्टेट वाढतं आणि ते किडनीला युरिक ॲसिड सोडू देत नाही. "मी फक्त बिअर घेतो, हार्ड नाही," हे गाऊटच्या बाबतीत समाधानाचं कारण नाही. व्हिस्की-रमही सुटलेल्या नाहीत. झटके येताहेत तोवर पूर्ण बंद, हाच सल्ला.

त्यानंतर साखर. हिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही, कारण साखरेत प्युरीन नसतंच. पण साखरेचा निम्मा भाग फ्रुक्टोज असतो. यकृतात फ्रुक्टोज मोडताना पेशीतली ऊर्जा झपाट्याने खर्च होते आणि त्या खर्चातून थेट युरिक ॲसिड तयार होतं. ३०० मिलिलिटर कोल्ड्रिंकमध्ये तीसेक ग्रॅम साखर असते, उसाच्या रसाच्या मोठ्या ग्लासात जवळपास तेवढीच. पॅकबंद फळांचा रस, सरबताची घट्ट पाकं, दिवसातून पाच वेळचा गोड चहा हे सगळं त्याच हिशोबात धरा. गूळ आणि मध यांनाही सूट नाही. संत्रं, पेरू, पपई अशी आख्खी फळं मात्र खुशाल खावीत. त्यातली साखर चोथ्यासकट हळूहळू जाते. घरात भाजीची यादी लावण्याऐवजी एक आठवडा ते दिवसभरात काय काय पितात हे लिहून काढा. बहुतेक घरांत उत्तर तिथेच सापडतं.

वाढवायचं ते असं: साय काढलेलं दूध, दही किंवा ताक दिवसातून दोनदा, कारण दुधातली प्रथिनं किडनीला युरिक ॲसिड बाहेर टाकायला मदत करतात. अंड्यात प्युरीन जवळजवळ नसतं, तेव्हा चालत असेल तर रोज एक अंडं ठीक. कॉफी आधीपासून पीत असतील तर बिनसाखरेची चालू राहू द्या. पाच महिन्यांच्या दुधी-भाताने गेलेली ताकद परत येण्यासाठी डाळ, उसळ, शेंगदाणे सगळं हवं. आणि त्यांना पुढच्या आठवड्यात डॉक्टरांकडे न्या, कारण ८.४ ला आता बहुधा युरिक ॲसिड उतरवणारी रोजची गोळी लागेल. तिच्याविषयी खाली आहे.

मालवणात राहतो. गाऊट आहे म्हणून मासळी कायमची सोडायची का? खरं सांगा, नाहीतर जगायचं कशावर?
— एक वाचक, मालवण

कायमची सोडायची नाही, निवडून आणि मोजून खायची. जपून राहायचं ते छोट्या, आख्ख्या खाल्ल्या जाणाऱ्या माशांपासून: तारली, पेडवे, मांदेली. बांगडाही आठवड्यातून एखादाच. सुकट, जवळा, सुके बोंबील यांच्यातलं पाणी गेल्यामुळे मुठीएवढ्या सुक्यात भरपूर प्युरीन येतं. सुकटीची चटणी चवीपुरती ठीक, वाटीभर नको. कोळंबी, तिसऱ्या, कालवं, शिणाणे ही मंडळीही जड बाजूची. त्यापेक्षा मोठ्या माशाचा तळहाताएवढा एक तुकडा, ८० ते १०० ग्रॅम, आठवड्यातून दोनदा. झटका चालू असताना आणि नंतरचे काही दिवस तेवढंही नको.

शिजवण्यात एक गोम आहे. प्युरीन पाण्यात उतरतं, म्हणून तुकड्यापेक्षा रस्सा भारी पडतो. मटणालाही हेच लागू. कोल्हापुरी पांढऱ्या रश्शाखालचं अळणी पाणी, पाया सूप, हाडांचा अर्क ही "ताकदीची" पेयं गाऊटवाल्यासाठी सगळ्यात वाईट. कलेजी, गुर्दा, भेजा पूर्ण वर्ज्य. दोन तुकडे घ्या, रश्शाची वाटी दुसऱ्याकडे सरकवा. आणि मासळीच्या ताटाशेजारी बिअर किंवा उर्राक आली की एकाच रात्री दोन कारणं जमतात.

डॉक्टरांनी युरिक ॲसिड उतरवायला ॲलोप्युरिनॉल सुरू केलं. तीन आठवड्यांत उलट दोन झटके आले, म्हणून मी गोळी बंद केली. आता ते फेबुक्सोस्टॅट म्हणताहेत. ही औषधं मानवत नसावीत. शिवाय ती जन्मभर घ्यावी लागतात म्हणे. बिनगोळीचा मार्ग नाही का?
— एक वाचक, नाशिक

सगळ्यात जास्त गाऊटचे रुग्ण याच टप्प्यावर उपचार सोडतात, आणि तेही औषध काम करायला लागलेलं असताना. रक्तातलं युरिक ॲसिड उतरलं की सांध्यात जमलेले जुने स्फटिक विरघळून सुटे होऊ लागतात. सुटे झालेले स्फटिक पेशींच्या नजरेत येतात आणि झटका उठतो. म्हणून पहिले तीन ते सहा महिने झटके वाढू शकतात. हे टाळायला दोन गोष्टी करतात. गोळी कमी मात्रेने सुरू करतात, आणि पहिल्या तीन ते सहा महिन्यांसाठी सोबत कोल्चिसीन ०.५ मिलिग्रॅम रोज एक-दोनदा देतात. तुम्हाला ही जोड मिळाली होती का आणि सुरुवात किती मिलिग्रॅमने झाली होती, हे चिठ्ठीत बघा. एकदम ३०० ने सुरुवात झाली असेल तर त्रासाचं कारण बहुधा तेच.

ॲलोप्युरिनॉलची रीत अशी: रोज १०० मिलिग्रॅमने सुरुवात, किडनी कमजोर असेल तर ५० किंवा त्याहून कमी. दोन ते चार आठवड्यांनी रक्त तपासायचं, आकडा ६ च्या वर असेल तर मात्रा वाढवायची, पुन्हा तपासायचं. आकडा ६ च्या खाली येईपर्यंत हे चालतं. काहींना २०० पुरतं, काहींना ३०० च्या पुढे जावं लागतं. १०० वर सुरू करून वर्षानुवर्षं तीच गोळी ठेवणं आणि आकडा न बघणं म्हणजे अर्धवट उपचार. स्फटिक जमतच राहतात आणि "गोळी घेऊनही झटके येतात" अशी तक्रार उरते. फेबुक्सोस्टॅट हा चांगला पर्याय आहे, ४० मिलिग्रॅमने सुरू होतो. हृदयविकार झाला असेल तर तसं डॉक्टरांना आधी सांगा. दोन्हींपैकी कुठलीही गोळी ॲझाथायोप्रिनबरोबर (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) चालत नाही.

ॲलोप्युरिनॉलची खरी भीती एकच आहे: पुरळ. विशेषतः पहिल्या दोन-तीन महिन्यांत अंगावर पुरळ उठलं, तोंडात फोड आले, डोळे लाल झाले किंवा ताप आला, तर गोळी त्याच क्षणी बंद करायची आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. हे क्वचितच होतं, पण दुर्लक्ष केलं तर जिवावर बेततं. त्याउलट, गोळी चालू असताना झटका आला तर गोळी बंद करायची नाही. झटक्याचं औषध वरून घ्यायचं, रोजची गोळी तशीच. गोळी मध्येच थांबवली आणि पुन्हा सुरू केली की आकडा खालीवर होतो आणि त्यानेच नवे झटके येतात.

बिनगोळीचा मार्ग काहींना असतो. आयुष्यात एकच झटका आला, आकडा ७ च्या जरासा वर, वजन बरंच जास्त, रोजची बिअर. अशा माणसाला सवयी बदलून काही वर्षं निभावता येतं. पण वर्षाला दोन किंवा जास्त झटके, अंगावर गाठी, एक्स-रेत हाडाची झीज, मुतखडा, किडनीचा आजार किंवा ९ च्या वरचा आकडा यांपैकी काही असेल तर गोळी लागतेच. जन्मभर घ्यावी लागते हे खरं, कारण किडनीचा दोष जन्मभर राहतो. मात्र आकडा सतत ६ च्या खाली राहिला तर जमलेलं सगळं हळूहळू विरघळून जातं, आणि मग वर्षानुवर्षं एकही झटका येत नाही. आपल्या ओळखीच्या जुन्या दुखण्यांत असं होणारी फार थोडी आहेत. म्हणून ही गोळी अर्ध्यावर सोडलेली पाहून वाईट वाटतं.

वय ३४. टाच दुखते म्हणून तपासलं, युरिक ॲसिड ७.४. लगेच गोळी सुरू झाली. मला गाऊट आहे का?
— एक वाचक, पिंपरी

लक्षणांवरून तरी नाही. सकाळी उठल्यावर पहिली पावलं टाकताना टाच दुखणं हे बहुधा तळव्याच्या पट्ट्याचं दुखणं असतं. त्याला पोटरीचे ताण, टाचेला उशी असलेली चप्पल आणि थोडा धीर लागतो. नुसता आकडा वाढलेला आणि कधी सांधा पेटलेला नाही, अशा बहुतेकांना गाऊट कधीच होत नाही आणि गोळीही लागत नाही. वजन, बिअर आणि कोल्ड्रिंक बघा. क्षयाचे उपचार चालू असतील तर त्यातल्या पायराझिनामाइडने युरिक ॲसिड वाढतं. ते अपेक्षित आहे, त्यासाठी क्षयाची गोळी स्वतःहून सोडू नका. गाऊटची गोळी का सुरू केली, हे डॉक्टरांना विचारा.

सासूबाई ६८ वर्षांच्या आहेत. बोटांच्या पेरांवर पांढरट गाठी आल्या आहेत, एक फुटून खडूसारखं पांढरं बाहेर आलं. "बायकांना गाऊट होत नाही" असं ऐकलं होतं. रक्तदाबाची गोळी वीस वर्षांपासून चालू आहे.
— एक वाचक, सांगली

पाळी चालू असेपर्यंत इस्ट्रोजेनमुळे किडन्या युरिक ॲसिड चांगलं बाहेर टाकतात, म्हणून तरुण बायकांत गाऊट विरळा. पाळी गेल्यावर ते संरक्षण संपतं. वयस्क बायकांत रोग अंगठ्याने सुरू न होता कितीदा हाताच्या बोटांत, आधीच झिजलेल्या पेरांवर दिसतो, आणि "वयाची संधिवाताची गाठ" म्हणून दुर्लक्षित राहतो. खडूसारखं बाहेर आलं ते बहुधा स्फटिकांचंच. गाठ दाबू नका, सुईने टोचू नका. जखम लवकर भरत नाही आणि संसर्ग होतो. कोरडी पट्टी बांधून दाखवून या.

रक्तदाबाच्या गोळीचं पाकीट घेऊन जा. नावाच्या शेवटी "एच" असलेल्या बऱ्याच जोडगोळ्यांत हायड्रोक्लोरोथायझाइड असतं. ते लघवी वाढवतं पण युरिक ॲसिड अडवून धरतं. क्लोरथॅलिडोन आणि फ्युरोसेमाइडही तसंच करतात. रक्तदाबासाठी लोसार्टन चालणार असेल तर ते युरिक ॲसिड थोडं उतरवतं. सासूबाईंना मधुमेह असेल तर डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्यांचाही तसा फायदा होतो. हे बदल डॉक्टर करतील, स्वतः गोळी थांबवू नका. हृदयासाठी चालू असलेलं छोट्या मात्रेचं ॲस्पिरिनही सोडायचं नाही. गाठी असतील तर आकडा ६ नव्हे, ५ च्या खाली आणायचा असतो, म्हणजे गाठी लवकर विरघळतात. तरीही महिने, कधी वर्षं लागतात.

एकादशी, चतुर्थी आणि नवरात्रातले नऊ दिवस उपास करतो. यंदा वारीलाही जायचंय. उपासाच्या दुसऱ्या दिवशी पाय सुजतो हा योगायोग आहे का?
— एक वाचक, बारामती

योगायोग नाही. पोट बराच वेळ रिकामं राहिलं की शरीर चरबी जाळतं, त्यातून कीटोन तयार होतात आणि किडनीच्या दारात ते युरिक ॲसिडची वाट अडवतात. त्यात पाणी कमी प्यायलं तर आकडा आणखी चढतो. उपास करायचाच असेल तर निर्जळी करू नका. दर तीन तासांनी काहीतरी पोटात जाऊ द्या: ताक, दूध, केळं, भगर, राजगिरा. गोळी उपासाला चुकवायची नाही. दुसऱ्या दिवशी पारण्याला एकदम जड जेवण नको. वजन उतरवण्याबाबतही हेच. आठवड्याला अर्धा किलो उतरलं तर गाऊटला फायदा, पंधरा दिवसांत पाच किलो उतरवले तर झटका ठरलेला.

वारीत एकादशी, ऊन-पाऊस आणि रोजची लांब चाल एकत्र येतात. आकडा सहाच्या खाली आणून दोन-तीन महिने झटक्याशिवाय गेले असतील तर निर्धास्त जा. नुकताच झटका येऊन गेला असेल तर पुढच्या वर्षी, किंवा शेवटचे काही टप्पे चाला. बूट नवे नकोत, अंगठ्यापुढे बोटभर जागा असलेले आणि आधी महिनाभर वापरलेले हवेत. झटक्याची गोळी खिशात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. दिंडीत कुणी पाय चेपायला आलं तर सुजलेला सांधा त्याच्या हातात देऊ नका.

मस्कतला साइटवर काम करतो. गाऊट आहे, शिवाय मागच्या वर्षी मुतखडा पडला. पाणी किती प्यावं?
— एक वाचक, ओमानहून

पाणी मोजण्यापेक्षा लघवी मोजा. मुतखडा होऊन गेलेल्यांना दिवसाला दोन ते अडीच लिटर लघवी व्हायला हवी, आणि तिचा रंग फिकट पिवळा. उन्हात घामावाटे किती जातं त्यावर त्यासाठी तीन लिटर लागेल की पाच, हे ठरतं. सगळं सकाळी एकदम न पिता तासातासाने घ्या आणि झोपण्याआधी एक ग्लास घ्या, कारण रात्री लघवी सर्वांत घट्ट असते. एनर्जी ड्रिंक आणि गोड सरबतं त्यात धरू नका. युरिक ॲसिडचे खडे आम्लधर्मी लघवीत बनतात, म्हणून डॉक्टर कधी पोटॅशियम सायट्रेट देतात. ते किडनीची तपासणी केल्याशिवाय घेऊ नका. हृदय किंवा किडनी कमजोर असलेल्यांनी हा पाण्याचा हिशोब स्वतःला लावू नये, त्यांना पाण्याची मर्यादा असते.

एका वैद्याच्या बिननावाच्या पुड्यांनी दोन दिवसांत सूज उतरते. ॲलोपथीपेक्षा हे बरं नाही का?
— एक वाचक, जालना

दोन दिवसांत सूज उतरवणाऱ्या, नाव-घटक न लिहिलेल्या पुड्यांत स्टिरॉइड मिसळल्याची उदाहरणं वारंवार सापडली आहेत. त्याने सूज उतरते, स्फटिक जागेवरच राहतात. महिनोन्‌महिने घेतल्यावर चेहरा सुजतो, साखर आणि रक्तदाब चढतो, हाडं ठिसूळ होतात. आणि अशी पुडी अचानक थांबवणंही धोक्याचं, म्हणून बंद करण्याआधी ती डॉक्टरांना दाखवा. गुळवेलीचा काढा रोज घेणाऱ्यांत यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. आयुर्वेदाचे उपचार घ्यायचे असतील तर पदवीधर वैद्यांकडून, औषधाचं नाव लिहून घेऊन घ्या, आणि दर तीन महिन्यांनी युरिक ॲसिड, क्रिएटिनिन (किडनीसाठी) आणि यकृताची तपासणी करा. कुठलंही औषध काम करतंय की नाही, हे सूज उतरण्यावरून ठरवू नका. झटका गेल्यानंतर महिन्याने काढलेला आकडा ६ च्या खाली आला आहे का, ते बघा.